घरी डिस्क आणि पॅड बदलले, आता स्टिअरिंग थरथरतं आणि गाडी डावीकडे ओढते

खारपाणपट्टा
शनिवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी,

दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितोय. घरी छोटी पेट्रोल गाडी आहे, २०१४ ची, ८६ हजार किलोमीटर झालेली. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. दर महिन्याला आईला डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी अकोल्याला न्यावं लागतं, त्यामुळे ब्रेकच्या बाबतीत मला धकवून न्यायचं नाही. जे केलं ते सगळं लिहितो, चुकलं असेल तिथे स्पष्ट सांगा.

पुढचे पॅड झिजून ३ मिमीवर आले होते आणि डिस्कच्या काठाला नख अडकेल असा ओठ आला होता. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, माप त्याच्याही खाली गेलं होतं. म्हणून दोन्ही डिस्क आणि पॅडचा सेट नवीन आणला आणि गोठ्यासमोरच्या फरशीवर काम केलं. जुन्या डिस्क हबला (चाक आणि डिस्क ज्यावर बसते त्या भागाला) गंजून बसल्या होत्या. डिस्कमध्ये आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यांत ८ मिमीचे बोल्ट थोडे थोडे आलटून पालटून कसले तेव्हा सुटल्या. पिस्टन जी-क्लॅम्पने मागे दाबला. ब्रेकचा होज (ऑइलची रबरी नळी) कुठेही सोडला नाही, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तारेने स्प्रिंगला टांगून ठेवला होता. नवीन डिस्कवर तेलाचा थर असतो तो ब्रेक क्लीनरने पुसला.

आता तक्रारी, ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने. पहिल्या दिवशी पेडल पार खाली गेलं. गाडी हलवायच्या आधी दहा-बारा वेळा दाबल्यावर वर आलं, पण पूर्वीपेक्षा अजूनही खालीच लागतं. त्याच संध्याकाळी ६० च्या वेगात ब्रेक मारला तर स्टिअरिंग हातात थरथरलं, ते आजही थरथरतं. आणि आठ-दहा दिवसांनी तिसरंच सुरू झालं: ब्रेक मारला की गाडी डाव्या अंगाला ओढते. परवा अंजनगावहून आलो तर डाव्या पुढच्या चाकाला जळका वास येत होता.

गावातले एक जण म्हणतात मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ऑइलला देणारा) गेला. दुकानदार म्हणतो डिस्क बदलून देतो. पैसे घालायच्या आधी काय तपासू?


मेळघाट_रोड
शनिवार, रात्री १०:१५

भाऊ, पहिली गोष्ट, हे निस्तरेपर्यंत आईला त्या गाडीत बसवू नका. अकोल्याला एसटीने न्या, नाहीतर शेजाऱ्याची गाडी मागा.

मी परतवाडा ते चिखलदरा रस्त्यावर बारा वर्षं प्रवासी गाडी चालवली. घाटात ब्रेक तापला की तो काय काय सांगतो ते ऐकायची सवय लागते. तुमच्या तीन तक्रारी आहेत आणि मला त्या तीन वेगळ्या वाटतात. एकाच कारणात तिन्ही कोंबायला गेलात तर महिनाभर चकरा माराल.

उद्या सकाळी मोकळ्या रस्त्यावर एवढं पाहा. ब्रेकला पाय न लावता ५० वर गाडी सरळ जाते की तेव्हाही डावीकडे झुकते? चार-पाच किलोमीटर ब्रेक जवळपास न वापरता चालवा, गिअरवर हळू करून थांबवा आणि चारही रिमवर पाण्याचे थेंब शिंपडा. डिस्कला बोट लावू नका, कातडं सोलून निघतं. ज्या रिमवर थेंब चर्रकन उडतो ते चाक ब्रेक न मारताही घासतंय.

हे का विचारतो तर डावीकडे ओढणं दोन कारणांनी होतं. एक तर डावा ब्रेक सुटत नाही, किंवा उजवा ब्रेक लागतच नाही. गाडी नेहमी जास्त धरणाऱ्या चाकाकडे जाते. न मारता डावं तापलं तर दोष डाव्यात. ब्रेक मारून मारून सुद्धा उजवं थंड राहिलं तर दोष उजव्यात. लोक ओढणारं चाक उघडतात आणि आजारी चाक तसंच राहतं.

अजून एक, थरथर स्टिअरिंगला आहे की सीटखाली? मोकळ्या रस्त्यावर ४० वर हँडब्रेक बटण दाबून धरून हलक्या हाताने ओढा. त्याने थरथर आली तर मागच्या ड्रमची, नाही आली तर पुढची. बटण सोडायचं नाही, नाहीतर मागची चाकं जाम होतात.


संत्रापट्टा
शनिवार, रात्री १०:५०

मला वाटतं डिस्कच वाकडी आली आहे. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं, नवीन डिस्क आणि पहिल्या दिवसापासून थरथर. दुकानदार बदलून देतो म्हणतोय तर घ्या ना बदलून. नाही दिली तर लेथवर हलकासा हात मारून घ्या, २०-२५ पॉइंटचा. थरथर जाते.


लेथवाला_अकोट
रविवार, सकाळी ७:२०

संत्रापट्टा भाऊ, माझी रोजीच लेथवर आहे, तरी सांगतो, नवीन डिस्क मोजल्याशिवाय माझ्याकडे आणू नका. मी ती लेथच्या चकमध्ये धरणार, चक सरळ आहे, तिथे ती सरळच घासली जाणार. मग तुम्ही ती परत त्याच हबवर बसवणार. हबच वाकडा बसवत असेल तर डिस्क पातळ झाली आणि थरथर तशीच राहिली.

माझ्याकडे 'डिस्क वाकली' म्हणून ज्या येतात त्यांतल्या कितीतरी वाकलेल्या नसतात. हबच्या तोंडावर गंजाची खपली राहते, डिस्क तिच्यावर तिरपी बसते. हिशोब सोपा आहे. हबचं तोंड साधारण १४० मिमी, डिस्क २३० मिमीच्या आसपास. हबच्या एका कडेला ०.१ मिमीची खपली, म्हणजे कागदाच्या एका पानाएवढी, राहिली तर डिस्कच्या काठावर ते वाढून दीडपटीच्या वर जातं. आणि बहुतेक छोट्या गाड्यांना डिस्कचं डगमगणं ०.१० मिमीच्या आत लागतं.

तिरपेपणा थोडाच असेल तर त्या दिवशी काहीच कळत नाही, ही यातली फसवी गोष्ट आहे. डिस्कचा एकच भाग दर फेऱ्याला पॅडला घासत राहतो, दोन-चार हजार किलोमीटरनंतर तिथे जाडी कमी होते आणि मग पेडल पायाला ढकलायला लागतं. तोवर माणूस विसरलेला असतो की हब पुसला नव्हता, आणि दोष डिस्कच्या कंपनीला देतो. तुमच्याकडे पहिल्याच दिवशी थरथरलं म्हणजे तिरपेपणा चांगलाच असणार.

तालुक्याच्या कोणत्याही लेथवाल्याकडे डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड असतो. अर्ध्या तासासाठी मागा, कोणी नाही म्हणत नाही. चाक काढल्यावर डिस्क नुसती लोंबकळते, म्हणून मोजायच्या आधी तिच्यावर वायसर घालून चारही नट कसा. गेजची सुई काठापासून १० मिमी आत टेकवा आणि हाताने एक पूर्ण फेरी द्या. पण त्याआधी चाक वर-खाली धरून हलवा. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर गेजचा आकडा खोटा.

आणि खारपाणपट्टा दादा, तुमच्या नावावरूनच विचारतो, गाडी बोअरच्या खाऱ्या पाण्याने धुता का?


जुना_फिटर
रविवार, सकाळी ८:०५

बाबू, तुह्यं लिवलेलं दोनदा वाचलं. एसटीच्या वर्कशॉपात जन्म गेला माहा. तिथं हवेचे ब्रेक, पण गावातल्या जीपगाड्यायचं काम मी सुट्टीच्या दिवशी कराचो. तू एक गोष्ट लिवली नाही. कॅलिपर ज्यायच्यावर सरकते त्या पिना काढल्या तवा त्यायले ग्रीस कोणतं लावलं? आन दोन्ही बाजूले तेच लावलं का?

ओढणं पहिल्या दिवशी नव्हतं, दहा दिवसानं आलं. मंग लोखंडात शोधू नको, रबरात शोध. लोखंडाची चूक त्याच दिवशी दिसते. रबर फुगाले टाइम लागते.

दुसरं, वरची पिन आन खालची पिन पुष्कळ गाड्यायत सारखी नसते. एकीच्या टोकाले रबराचं बुश असते. दोन्ही एका टोपल्यात टाकून धुतल्या असन आन अदलाबदल झाली असन, तरी कॅलिपर सरकत नाही. ते बी पाहजो.

मास्टर सिलिंडरचं आधी घरी बसून पाह्य. गाडी बंद ठेव, पेडल चार-पाच डाव दाब, कडक होईन. मंग पाय तसाच दाबून ठेव आन मनात साठपर्यंत मोज. पेडल हळूहळू खाली बसत गेलं तं मास्टर सिलिंडरचं आतलं रबरी वायसर गेलं, नाही तं कुठी गळती हाय. जागच्या जागी राह्यलं तं त्याच्यावर पैसे घालू नको. पाय तसाच ठेवून गाडी सुरू कर. पेडल बोटभर खाली गेलं म्हणजे बूस्टर (पेडलले जोर देणारा) चांगला हाय.


खारपाणपट्टा
रविवार, दुपारी १:३०

काका, तुमचा प्रश्न वाचून मी गोठ्यात जाऊन डबा पाहून आलो. ट्रॅक्टरला ग्रीसगनने मारतो तेच पिवळं ग्रीस लावलं होतं. आणि पिना रॉकेलने धुतल्या होत्या. पण फक्त डाव्या बाजूच्या! उजव्या बाजूच्या पिनांवर जुनं ग्रीस स्वच्छ दिसलं म्हणून त्या नुसत्या पुसून बसवल्या होत्या. हे मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, मला ते महत्त्वाचं वाटलंच नाही.

बोअरच्या पाण्यानेच धुतो. आमच्याकडे पूर्णेच्या पट्ट्यात दुसरं पाणी कुठलं? बादली वाळली की तळाला पांढरा थर राहतो.

सकाळच्या चाचण्या: पेडल साठ मोजेपर्यंत जागचं हललं नाही. गाडी सुरू केल्यावर थोडं खाली गेलं. म्हणजे मास्टर सिलिंडर आणि बूस्टर दोन्ही ठीक धरतो. ब्रेक न मारता पाच किलोमीटर चालवली, तेव्हाही हलकी डावीकडे झुकते. डाव्या पुढच्या रिमवर थेंब पडताच उडाला, बाकी तिन्हींवर ओघळून गेला. हँडब्रेक ओढून पाहिला, थरथर नाही. म्हणजे थरथर पुढची.

शाळेतली ताप बघायची बंदूक आणून चाकाचं तापमान घ्यायचं डोक्यात आलं होतं, पण ती शरीराच्या तापापुरतीच मोजते, त्यापुढे नुसतं वर गेल्याचं दाखवते. थेंबांनी काम भागलं.

संध्याकाळी ऊन उतरलं की चाकं उघडतो.


भौतिकवाली_ताई
रविवार, दुपारी २:१०

काकांनी जे सांगितलं त्याचं कारण थोडं लिहिते, कारण हे कळलं की चूक पुन्हा होत नाही.

ब्रेकमधलं रबर बहुतेक ठिकाणी ईपीडीएम जातीचं असतं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, ते या रबराला सोसतं. पण खनिज तेल, म्हणजे चेसिसचं ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल, रॉकेल, हे सगळं त्याला फुगवतं. तेलाचे रेणू रबराच्या जाळीत शिरून बसतात आणि ते हळूहळू मऊ आणि जाड होतं. ब्रेक तापला की वेग वाढतो. म्हणून पहिल्या दिवशी पिन लोण्यासारखी सरकते आणि आठवड्याने अडकते. याच कारणाने ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकून चमचाभर इंजिन ऑइल गेलं तर सगळे सील बदलायची वेळ येते. पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावावं, छोटी ट्यूब मिळते.

तुमच्या गाडीत असतो त्या जातीच्या कॅलिपरमध्ये पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो, आणि त्याच्या उलट रेट्याने अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिन अडकली की ब्रेक सोडल्यावर कॅलिपर परत सरकत नाही आणि बाहेरचा पॅड डिस्कवरच टेकून राहतो. म्हणून पॅड काढल्यावर आतला आणि बाहेरचा शेजारी ठेवून बघा, आणि बाहेरच्याची वरची आणि खालची कडही तुलना करा.

एक विनंती. ब्रेकची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, फुंकरही नको. ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनरमध्ये (ब्रेकच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि नव्याची बारीक धूळही फुफ्फुसात जायला नको.


मेळघाट_रोड
रविवार, दुपारी ३:००

ताईंचं पटलं. तरी पिनवर जायच्या आधी होजची खात्री करून घ्या, कारण आतून सोललेला होजही हेच दाखवतो. ऑइल जायला वाट देतो, परत यायला देत नाही.

चाक वर उचला, कोणाला तरी पेडल चार वेळा दाबून सोडायला सांगा आणि चाक हाताने फिरवा. घट्ट असेल तर कॅलिपरच्या निपलला (हवा काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवा, आणि निपल अर्धा फेरा सोडा. ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं झालं तर दाब आत अडकला होता, होज बघा. दोन थेंब आले आणि चाक तसंच घट्ट राहिलं तर अडचण यांत्रिक, पिन किंवा पिस्टन. निपल बंद केल्यावरच नळी काढा. रंगावर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग खातं.

आणि जॅक फरशीवरच लावा. पाऊस येऊन गेलेल्या काळ्या मातीवर जॅक डोळ्यांदेखत खचतो. खाली बाभळीची जाड फळी, गाडीखाली घोडी, मागच्या चाकाला दोन्हीकडून दगड. विटा रचून गाडी ठेवू नका, वीट भार आल्यावर न सांगता फुटते.


खारपाणपट्टा
रविवार, रात्री ९:२०

मंडळी, सापडलं. दोन वेगळ्या चाकांत दोन वेगळे दोष.

आधी डावं. पेडल चार वेळा दाबून सोडल्यावर चाक दोन्ही हातांनी जोर लावून जेमतेम पाव फेरा फिरलं. निपल सोडला, तीन थेंब, चाक तसंच. म्हणजे होज नाही. कॅलिपर उघडला. वरची पिन दोन बोटांत धरून सहज बाहेर आली. खालची येईना. पान्याने पकडून पिळत पिळत काढली तेव्हा 'फट' असा आवाज झाला आणि मागे भोकातून पिवळं ग्रीस बाहेर आलं. तिच्या टोकाचं रबरी बुश पाहिलं. काळं, चमकदार, हाताला चिकट. नखाने दाबलं तर नखाची खूण तशीच राहिली. मग उजव्या बाजूची तीच पिन काढून शेजारी ठेवली. तिचं बुश आखूड, कोरडं, कडक, दाबलं तरी खूण नाही. डाव्याची जाडी उजव्याच्या जवळपास सव्वापट दिसत होती. दोन्ही पिना गोठ्याच्या कट्ट्यावर ठेवून मी आणि बाबा बराच वेळ बघत बसलो. पिनांची अदलाबदल झाली नव्हती, तेवढं बरं.

ताई, तुम्ही म्हणालात तसंच, बाहेरचा पॅड खालच्या कडेला जास्त झिजला आहे आणि त्याच बाजूला डिस्कवर निळसर पट्टा आलाय.

आता उजवं. दर्यापूरच्या एका लेथवाल्या काकांनी डायल गेज दिलं, पैसे विचारले तर रागावले. बेअरिंगला खेळ नाही. चार नट वायसर घालून कसले, फेरी दिली: ०.२६ मिमी! मला वाटलं गेज सरकलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेवढंच. डिस्क काढली. हबच्या तोंडावर दोन बोल्टांच्या मधे नखाएवढी गंजाची खपली, तपकिरी, कडेने पांढरट. बोअरचं पाणी. काम केलं त्या दिवशी मी तारेचा ब्रश फिरवला होता, पण बोल्टांच्या अगदी बुडाशी ब्रश पोचला नव्हता. या वेळी पॉलिश पेपर बोटावर गुंडाळून प्रत्येक बोल्टाभोवती फिरवला, मधली गोल कड साफ केली, डिस्कची आतली बाजूही पुसली. परत बसवून मोजलं: ०.०४.

डावा हबही तसाच साफ केला. तिथे आधी ०.०९ होतं, आता ०.०५ आहे.


जुना_फिटर
रविवार, रात्री ९:५५

हे काम झालं. आता फुगलेलं बुश पुसून परत बसवजो नको, ते सुकलं तरी पहिल्यासारखं होत नाही. पिनायचं रबर किट येते, बुश आन बूट दोन्ही. भोकातलं पिवळं ग्रीस कापडानं पुरं काढ, ब्रेक क्लीनर मार, काडीले कापड गुंडाळून शेवटपर्यंत पुस. थेंबभर राह्यलं तरी नवं बुश बी फुगन. सिलिकॉन ग्रीस पातळ लावजो. भोक भरून टाकलं तं पिनीमागं हवा कोंडते आन पिन बाहेर ढकलली जाते.

पिस्टनचा धूळबूट पाह्य, तिथं पिवळं ग्रीस लागलं असन तं तो बी बदल. पॅडचे कान ज्याच्यात सरकते ती जागा घासून काढ. पॅड बोटानं सरकला पायजे, हातोड्यानं ठोकून बसला म्हणजे तो सुटाचा नाही.

पेडल खाली लागते त्याचं राह्यलं. होज सोडला नाही म्हणतोस तं हवा शिराचं कारण नाही. हँडब्रेक दोन-तीन घाटी (खटके) ओढ आन पेडल दाबून पाह्य. पेडल वर आलं तं मागच्या लायनरचं अंतर वाढलं हाय.


संत्रापट्टा
रविवार, रात्री १०:३०

खारपाणपट्टा भाऊ, मी उगाच डिस्कवर बोट ठेवलं. वाचून माझीच जुनी गोष्ट आठवली, मीही तेव्हा हब मोजला नव्हता. डिस्क बदलून आली होती ती बसवताना मेकॅनिकने हब घासला असावा आणि श्रेय नव्या डिस्कला गेलं.

एक विचारायचं आहे. नवीन पॅड घातल्यावर ते डिस्कवर रुळवायला हायवेवर ८०-९० ला नेऊन तीन-चार वेळा कचकचून ब्रेक मारायचा, असं आमच्याकडे सांगतात. ते बरोबर आहे का?


मेळघाट_रोड
सोमवार, सकाळी ६:५०

नाही भाऊ. कचकचून मारून थांबलात आणि पाय दाबूनच ठेवला तर तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि तिथूनच पुन्हा थरथर सुरू होते.

मोकळा रस्ता, मागे कोणी नाही. ५० वरून मध्यम दाबाने १५ पर्यंत आणा, पूर्ण थांबवू नका. अर्धा मिनिट चालवा. पुन्हा. असं आठ-दहा वेळा. शेवटी तीन-चार किलोमीटर ब्रेक न वापरता गार होऊ द्या. पार्क करताना हँडब्रेक कचकचून ओढू नका, गिअरमध्ये टाका. हे मे महिन्यात भर दुपारी करू नका, सकाळी करा. आपल्याकडे ४५ च्या पाऱ्यात डांबरच तापलेलं असतं, चाकं गार व्हायला वेळ लागतो.

ब्रेक ऑइल कधी बदललं होतं? ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ दर्जाचं ऑइल नवीन असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १४० लाच. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. उकळलं की नळीत वाफ होते आणि वाफ दाबली जाते, पेडल रिकामं खाली जातं. चिखलदऱ्याहून उतरताना ब्रेकवर पाय ठेवून येणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या मी रस्त्याच्या कडेला धूर काढत उभ्या पाहिल्यात. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरायचा. दर दोन वर्षांनी ऑइल बदला, आणि उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नका.


वावरातला
सोमवार, दुपारी १२:१५

गाडी नाही, ट्रॅक्टरबद्दल. ब्रेक मारला की एका बाजूला ओढतो. कापसाची ट्रॉली मागे असली की भीती वाटते. हीच कारणं असतील का?


जुना_फिटर
सोमवार, दुपारी १:४०

ट्रॅक्टरले डाव्या-उजव्या चाकाचं पेडल वेगळं असते, वावरात जागच्या जागी वळाले. रोडवर निघताना दोन्ही पेडल जोडाची कडी घातली पायजे. आधी ते पाह्य, कितीतरी जण घालत नाहीत. कडी घालून बी ओढते तं दोन्ही पेडलचा खेळ सारखा नाही. मोजून सारखा कर. तवरोक भरलेली ट्रॉली लावू नको राजा, ट्रॅक्टर आडवा होते आन ट्रॉली वर येते. यात मी माणसं गेलेली पाह्यली.


वावरातला
सोमवार, दुपारी २:०५

कडी गंजून मोडली होती, दोन वर्षांपासून तशीच आहे. आजच वेल्डिंगवाल्याकडे जातो काका.


खारपाणपट्टा
तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ७:१०

थोडा उशीर झाला, पण चालवून खात्री झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

डावीकडे पिनांचं रबर किट आणि पिस्टनचा धूळबूट बदलला. डावा पॅड तिरपा झिजला होता म्हणून पुढच्या दोन्ही बाजूंचे पॅड नवीन घातले, एका बाजूचे नाही. निळसर पट्टा आलेली डिस्क गेजवर सरळ आणि जाडीला सगळीकडे सारखी निघाली, ती ठेवली. हँडब्रेक तीन घाटी ओढून पेडल दाबलं तर ते चांगलं दोन बोटं वर आलं, काका. मागचे ड्रम उघडले. लायनर जाड होतं पण आपोआप जवळ आणणारी यंत्रणा धुळीने बसली होती. साफ करून अंतर लावल्यावर हँडब्रेक नवव्या घाटीऐवजी पाचव्याला धरतो आणि पेडल पूर्वीच्या जागी आलं. ब्रेक ऑइल डॉट ३ होतं, झाकणावर तेच लिहिलेलं, तेच नवीन भरलं. जुनं चहासारखं काळपट निघालं.

नवीन पॅड डिस्कवर रुळवायचं काम पहाटे साडेपाचला केलं, रस्त्यावर दूधवाल्यांशिवाय कोणी नव्हतं. ५० किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा क्रॉस क्रमाने पान्याने तपासले, एक थोडा सुटला होता.

आतापर्यंत ६४० किलोमीटर. स्टिअरिंग शांत. हात हलके ठेवून ब्रेक मारला तरी गाडी सरळ थांबते. अकोल्याहून परत आल्यावर चारही रिमवर पाणी शिंपडलं, पुढच्या दोन्हींवर थेंब सारखाच सुकतो. गाडी आता विहिरीच्या गोड्या पाण्याने धुतो, बैलबंडीवरून टाकी आणतो, आणि धुतल्यावर लगेच दोन किलोमीटर चालवून ब्रेक वाळवतो.

काल आईला घेऊन गेलो. बोरगावजवळ एक म्हैस अचानक रस्त्यावर आली. गाडी जागेवर थांबली. आई मागे झोपली होती, तिला जागही आली नाही.


संत्रापट्टा
रविवार, रात्री ८:४५

फार बरं वाटलं वाचून. तुमच्या धाग्यावरून मीही हँडब्रेकची चाचणी केली. ४० वर हलका ओढला तर सीटखालून थरथर येते. म्हणजे माझा मागचा ड्रम. अकोटला ड्रम गोल करून मिळेल का?


लेथवाला_अकोट
रविवार, रात्री ९:३०

मिळेल. ड्रमवर आत जास्तीत जास्त व्यासाचा आकडा कोरलेला असतो, तो आधी वाचून मला कळवा. त्याच्या आत बसत असेल तरच घासतो. दोन्ही ड्रम एकत्र आणा, एकच घासला तर मागून ओढेल. आणि येताना हबचं तोंड पॉलिश पेपरने घासून या, गेज मी काढून ठेवतो.